दूध पचवणारे जनुक आणि वजनाचा काटा

वजन कमी करायचे ठरले की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड भातावर पडते आणि दुसरी दुधावर. उलट घरात एखादे किडकिडीत मूल असले, तर "दूध पी, अंग धरेल" हे पालुपद ठरलेले. दुधाने वजन वाढते, ही समजूत दोन्हीकडे एकच. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या समजुतीची तपासणी जनुकशास्त्राच्या वाटेने झाली. मोठेपणीही दूध पचवता यावे अशी सोय करणारा एक बारीकसा जनुकीय बदल असतो. तो ज्यांच्याकडे आहे त्यांचे वजन इतरांपेक्षा किंचित जास्त भरते, असे युरोपातल्या अनेक अभ्यासांत आढळले. मग "माझ्या जनुकांमुळे दूध माझ्या अंगी लागते का?" हा प्रश्न आहारतज्ज्ञांकडे येऊ लागला तर नवल नाही.

हा संबंध खरा दिसतो, पण तो फार लहान आहे. कुणाच्या वाढलेल्या वजनाचे कारण म्हणून तो पुढे करता येणार नाही, आणि युरोपातले आकडे उचलून मराठी माणसाच्या ताटाला लावणे तर साफ चुकीचे ठरेल. असे असूनही हा विषय महत्त्वाचा आहे, कारण दूध शरीरात गेल्यावर काय काय घडते याचा उलगडा त्यातून होतो.

विकर ओसरते की टिकते

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचे विकर असते. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन साखरांत विघटन करते आणि त्या रक्तात शोषल्या जातात. सस्तन प्राण्यांची पिल्ले आईचे दूध पितात तोवर हे विकर भरपूर असते, पुढे ते ओसरते. माणसाचीही मूळ रीत हीच. आज जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांत ते असेच ओसरलेले असते. त्याला आजार म्हणणे योग्य नाही. ज्यांच्यात ते आयुष्यभर टिकते, त्यांच्या शरीरात काहीतरी नवे घडलेले असते.

हे नवे काय, ते २००२ साली फिनलंडमध्ये उलगडले. नबील एनात्ताह, लीना पेल्टोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनिश कुटुंबांच्या पिढ्या तपासून तो बदल शोधला. लॅक्टेज तयार करणारे एलसीटी जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असते. बदल मात्र त्या जनुकात नसून त्याच्या १३,९१० अक्षरे आधी, एमसीएम६ या शेजारच्या जनुकाच्या पोटात सापडला. तिथे 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' आले, की एलसीटी जनुक मोठेपणीही काम करत राहते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून जरी 'टी' मिळाला, तरी सहसा तेवढे पुरते.

पुढे २००७ साली सारा टिशकॉफ यांच्या गटाने पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालक समाजांचा अभ्यास केला. केनिया, टांझानिया आणि सुदानमध्ये हीच क्षमता जवळपासच्या वेगळ्याच बदलांमुळे आलेली निघाली. अरबस्तानात आणखी निराळा बदल आहे. गुरे, उंट पाळणाऱ्या माणसांत हा गुण जगाच्या पाठीवर एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजला आणि फोफावला.

भारतात काय? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतीय उपखंडातले दोन हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. त्यात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. भारतात प्रामुख्याने आढळणारा बदल युरोपातलाच, आणि त्याचे मूळही एकच, असे त्यातून दिसले. वायव्येकडे त्याचे प्रमाण जास्त, आग्नेयेकडे जावे तसे कमी. या उतरंडीला ठळक अपवाद निलगिरीतल्या म्हशी पाळणाऱ्या तोडा समाजाचा. दक्षिणेत राहूनही त्यांच्यात हा बदल मोठ्या प्रमाणावर आहे. श्वासातला हायड्रोजन मोजून लॅक्टोज पचते की नाही हे पाहणाऱ्या चाचण्याही याच दिशेने बोट दाखवतात. उत्तर भारतातही न पचणाऱ्यांचे पारडे जड आहे, दक्षिणेत ते आणखी जड होते. म्हणजे ज्या देशात जगातले सर्वाधिक दूध निघते, त्या देशातल्या बहुसंख्य प्रौढांकडे दूध पचवणारा हा बदल नाही.

तरीही आपण दूध पितो आणि बहुतेकांना त्रास होत नाही. विकर कमी असणे वेगळे आणि दूध न सोसणे वेगळे. विकर ओसरलेल्या माणसालाही एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, सहसा सोसते. जेवणासोबत घेतले तर अधिकच. त्यापलीकडे गेले की काहींना पोट फुगणे, गुडगुडणे, पातळ होणे असा त्रास सुरू होतो.

वजनाशी दुवा कसा लागला

२०१० साली योहानेस केटुनेन आणि सहकाऱ्यांनी युरोपीय वंशाच्या ३१ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. 'टी' असलेल्यांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, थोडा अधिक निघाला. २०११ साली डोलोरेस कोरेला यांनी स्पेनमधल्या वयस्कर लोकांचा अभ्यास केला. त्यातही फरक दिसला, पण एका अटीवर. ज्यांच्या आहारात लॅक्टोज बऱ्यापैकी होते त्यांच्यातच 'टी'वाल्यांचे वजन जास्त होते. ज्यांच्या पोटात लॅक्टोज फारसे जातच नव्हते, त्यांच्यात जनुकाने काही फरक पडला नाही. हा बारकावा मोलाचा आहे. जनुक थेट चरबी साठवत असते, तर दूध न पिणाऱ्यांतही फरक दिसायला हवा होता. तो दिसला नाही, म्हणजे परिणामाची वाट दुधातूनच जात असावी.

पण या संशोधनात एक मोठा चकवाही आहे. युरोपात 'टी'चे प्रमाण वायव्येकडे भरपूर आणि आग्नेयेकडे कमी. त्याच दिशेने उंची, खाणेपिणे, हवामान, राहणीमान हेही बदलते. तेव्हा 'टी'वाल्यांत एखादा गुण जास्त दिसला, तर तो जनुकाचा परिणाम की मूळ प्रदेशाचा, हे कसे कळणार? कॅटरिना कॅम्पबेल, जोएल हर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याचा धडाच घालून दिला. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत त्यांना एलसीटीजवळच्या याच बदलाचा उंचीशी चांगला घट्ट संबंध दिसला. मग त्यांनी युरोपातल्या मूळ प्रदेशानुसार माणसांच्या जोड्या लावून पुन्हा पाहिले, तर तो संबंध जवळजवळ विरून गेला. जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आजही शिकवले जाते. वजनाबद्दलचा कुठलाही दावा वाचताना, मूळ प्रदेशाचा हिशोब यात केला आहे का, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. भारतासारख्या देशात तर दर पन्नास कोसांवर खाणे बदलते आणि लग्ने जातीत होतात. इथे हा चकवा अधिकच बिकट.

जन्मतःच झालेली वाटणी

दूध जास्त पिणाऱ्यांची आणि न पिणाऱ्यांची नुसती तुलना करून फारसे हाती लागत नाही. दूध पिणारे अनेकदा सुस्थितीतले असतात, व्यायाम करणारे असतात, किंवा उलट वजन वाढल्यामुळेच कुणी दूध सोडलेले असते. यातून वाट काढण्यासाठी संशोधक मेंडेलियन रँडमायझेशन नावाची पद्धत वापरतात. कुणाला 'टी' मिळणार आणि कुणाला 'सी', हे चिठ्ठ्या टाकून वाटणी व्हावी तसे जन्माआधीच ठरते. त्यात माणसाच्या सवयीचा, पगाराचा, आजारपणाचा हात नसतो. 'टी' असलेले सरासरीने थोडे अधिक दूध पितात. मग 'टी' आणि 'सी' असलेल्या गटांच्या वजनात फरक पडला, तर तो दुधामुळे असावा, असे अनुमान काढता येते.

या पद्धतीने २०१५ साली डेन्मार्कमधल्या ९७,८११ लोकांचा अभ्यास झाला. जास्त दूध पिण्याने स्थूलता किंवा मधुमेह कमी होतो, असे त्यात आढळले नाही. दुग्धजन्य पदार्थ पोटभर खा आणि बारीक व्हा, अशी जाहिरात त्याआधी पाश्चात्त्य देशांत झाली होती, तिला हा चांगलाच चाप होता. २०१८ साली २५ अभ्यासांतल्या १,८४,८०२ प्रौढांची माहिती एकत्र करण्यात आली. दिवसाला एक वाढीव वाटा दुग्धजन्य पदार्थ खाल्ले तर बीएमआय सुमारे ०.६० ने वाढतो, असे जनुकांवरून काढलेले अनुमान निघाले.

हा आकडा मोठा वाटतो, पण तो पूर्ण एका वाट्याचा आहे. प्रत्यक्षात 'टी' असल्याने माणूस दिवसाला जेमतेम एक-पंचमांश वाटा जास्त घेतो. म्हणून जनुक असण्या-नसण्याचा बीएमआयमधला फरक ०.१२ च्या आसपासच भरतो. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या वजनात मांडले, तर हे सव्वातीनशे ग्रॅम झाले. सकाळी आणि रात्री काट्यावर उभे राहिले तर याहून मोठा फरक दिसतो. तुलनेसाठी एफटीओ हे जनुक घ्या. त्याच्या वजन वाढवणाऱ्या दोन्ही प्रती असलेल्या युरोपीय माणसाचे वजन एकही प्रत नसलेल्यापेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त असते, असे २००७ साली दिसून आले होते.

२०२१ साली विमल करणी आणि सहकाऱ्यांनी तब्बल एकोणीस लाख लोकांपर्यंतची माहिती वापरून आणखी एक बाजू पुढे आणली. 'टी'वाल्यांचा बीएमआय थोडा जास्त, पण रक्तातले कोलेस्टेरॉल कमी आणि हृदयविकाराचा धोकाही कमी. वजन किंचित वाढले म्हणजे प्रकृती बिघडलीच, हे समीकरण इथे तरी जुळत नाही.

एका पेल्याचा हिशोब

या फरकामागे नेमके काय असावे? पहिला संशय कॅलरींवर जातो. म्हशीच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा एक पेला समोर ठेवू. त्यात साधारण ७ टक्के स्निग्धांश धरला तर १४ ग्रॅम चरबी झाली, तिच्या सुमारे १२६ कॅलरी. लॅक्टोज १० ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. प्रथिने सात-आठ ग्रॅम, म्हणजे तीस कॅलरी. एकूण बेरीज दोनशेच्या आत-बाहेर. जनुकाचा संबंध येतो तो यातल्या फक्त ४० कॅलरींशी. चरबी आणि प्रथिने 'टी' असलेल्या-नसलेल्या दोघांनाही सारखीच पचतात.

त्या ४० कॅलरीही विकर नसलेल्या माणसाच्या पूर्ण वाया जात नाहीत. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि त्यातून लघु साखळीची मेदाम्ले तयार होतात. ती शरीर शोषून घेते, त्यामुळे ऊर्जेचा बराच भाग परत मिळतो. अर्धी ऊर्जा हुकली असे धरले तरी फरक पडतो तो पेल्यामागे वीस कॅलरींचा. चमचाभर तुपात याच्या दुप्पट कॅलरी असतात.

हिशोबातला दुसरा धडा आपल्यासाठी अधिक कामाचा आहे. हे जनुक ओळखते फक्त लॅक्टोजला. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच. दह्यात विरजणातले जिवाणू त्याचा काही भाग आधीच खाऊन टाकतात, ताकात पाणी घातल्याने ते आणखी विरळ होते. श्रीखंडाचा चक्का टांगला की पाण्यासोबत बरेचसे लॅक्टोज निथळून जाते, आणि मग आपण त्यात भरपूर साखर घालतो. चहात पडणाऱ्या अर्ध्या वाटीहून कमी दुधात दोन-तीन ग्रॅमच लॅक्टोज असते. मराठी घरातले दूध असे नाना रूपांनी पोटात जाते, आणि त्यातली वजनाच्या दृष्टीने सर्वांत भारी रूपे या जनुकाच्या कक्षेबाहेरच राहतात. तूप, बासुंदीतली साखर, पेढ्यातला खवा यांचा निवाडा युरोपातल्या ताज्या दुधावर बेतलेल्या जनुकीय अभ्यासांतून होऊच शकत नाही.

जिवाणूंची बाजू

कॅलरींच्या हिशोबाने हा फरक पुरेसा उलगडत नाही, म्हणून अलीकडे संशोधकांचे लक्ष आतड्यातल्या जिवाणूंकडे वळले आहे. माणसाच्या जनुकांचा आणि आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांत एक दुवा पुन्हा पुन्हा वर आला, तो एलसीटी आणि बायफिडोबॅक्टेरियम यांचा. विकर नसलेल्या माणसाने दूध प्यायले, की मोठ्या आतड्यात उतरलेल्या लॅक्टोजवर हे जिवाणू पोसले जातात.

२०२४ साली नेचर मेटाबॉलिझम या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने या दुव्याला वजन आले. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक वंशाच्या लोकांत, ज्यांच्याकडे 'टी' नव्हता त्यांच्यापैकी जास्त दूध पिणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाले. 'टी' असलेल्यांत असा लाभ दिसला नाही. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकच्या माहितीतही हेच चित्र उमटले. दूध पिणाऱ्या 'टी'विरहित लोकांत बायफिडोबॅक्टेरियम वाढलेले होते आणि रक्तातली काही संयुगेही अनुकूल दिशेने बदललेली होती. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यावरून कुणाला दुधाचे औषध लिहून देता येणार नाही. पण बहुसंख्य भारतीय याच गटात मोडतात, त्यामुळे हे निष्कर्ष आपल्याकडे तपासून पाहणे फार निकडीचे आहे.

विकर नसले की दूध वर्ज्य, या समजुतीलाही धक्का बसला आहे. रिचर्ड एव्हरशेड, मार्क थॉमस आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांच्या गटाने २०२२ साली युरोपभरच्या प्राचीन खापरांत मुरलेले दुधाचे अंश तपासले. दूध पचवणारा बदल सर्रास पसरण्याच्या कित्येक हजार वर्षे आधीपासून तिथले लोक दूध वापरत होते. दुष्काळ आणि रोगराईच्या काळात दूध न सोसणाऱ्यांचे जिवावर बेतले असावे आणि त्यातून 'टी' वाढत गेला असावा, असे त्यांचे अनुमान आहे. आजच्या ब्रिटनमध्ये विकर नसलेले बहुतेक लोकही ताजे दूधच पितात, असेही याच अभ्यासात दिसले. मंगोलियात तर घोडी, गाय, याक, शेळी अशा सगळ्यांचे दूध खाण्यात असते आणि तिथे हा बदल अगदी थोड्यांकडे आहे.

खायला देऊन पाहिले तेव्हा

जनुकांची वाट बाजूला ठेवून सरळ प्रयोगही झाले आहेत. २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अशा २९ नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आहारात दुग्धजन्य पदार्थ वाढवल्याने एकूणात वजनावर लक्षणीय परिणाम झाला नाही. कमी कॅलरींच्या आहारासोबत ते दिले, तेव्हा वजन थोडे घटले. इतर आहार मोकळा ठेवला किंवा प्रयोग वर्षभराहून लांबला, तेव्हा हा फायदा उरला नाही. म्हणजे जनुकांचे अभ्यास सांगतात वजन किंचित वाढते, प्रयोग सांगतात जवळजवळ काहीच होत नाही. दोन्हींत फारसा विरोध नाही. इतका बारीक फरक काही महिन्यांच्या प्रयोगात सापडणे अवघडच.

आपल्याकडचा खरा प्रश्न

बीएमआय हा माप म्हणून भारतीयांच्या बाबतीत तोकडा पडतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने जगाला दाखवले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात असे दिसले, की आपली बाळे जन्मतः वजनाला कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा तुलनेने टिकून असतो. २००४ साली याज्ञिकांनी आपले सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केलेली स्वतःची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली जाते. युरोपातल्या बीएमआयमधला ०.१२ चा फरक आपल्या देहात चरबी म्हणून उतरेल, स्नायू म्हणून उतरेल की उतरणारच नाही, हे तिकडच्या आकड्यांवरून ठरत नाही.

पुण्याच्या त्याच अभ्यासात गरोदरपणी दूध, फळे आणि पालेभाज्या जास्त खाणाऱ्या आयांची बाळे जन्मतः मोठी भरली होती. शाकाहारी कुटुंबांत बी१२ जीवनसत्त्वाचा दूध हाच मुख्य आधार असतो आणि त्याची कमतरता आपल्याकडे घरोघर आढळते. ज्या समाजात पोरसवदा मुली वजनाच्या धास्तीने दूध सोडतात आणि त्याच मुलींना पुढे बी१२ च्या इंजेक्शनांचा कोर्स घ्यावा लागतो, तिथे सव्वातीनशे ग्रॅमांच्या भीतीने दूध बंद करायला लावणे ही शुद्ध हानी आहे.

या साऱ्या संशोधनातून सामान्य माणसासाठी काही गोष्टी निघतात. वजन उतरवायचे असेल तर दूध पचवणाऱ्या जनुकाची तपासणी करून पैसे घालवू नयेत, त्या अहवालाने आहारात काही बदलणार नाही. दूध प्यायल्यावर पोट बिघडत असेल तर प्रमाण कमी करावे, जेवणासोबत घ्यावे, दही-ताकाकडे वळावे. वजनाची चिंता असेल तर दुधापेक्षा त्यात पडणाऱ्या साखरेवर, वरून ओतल्या जाणाऱ्या तुपावर आणि दुधाच्या मिठाईवर लक्ष ठेवावे. आणि दूध सोडायचेच असेल तर प्रथिने, कॅल्शियम आणि बी१२ यांची सोय आधी करावी.

आता जबाबदारी आपल्या संशोधन संस्थांची आहे. जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे दहा हजार लोकांची जनुकीय माहिती जमा झाली असून २०२५ च्या जानेवारीपासून ती संशोधकांना खुली करण्यात आली आहे. अशा माहितीला आहाराची, शरीरातल्या चरबीच्या मापांची आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या तपासणीची जोड मिळाली पाहिजे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर धनगर, गवळी अशा पिढ्यान्‌पिढ्या गुरे-मेंढ्या पाळणाऱ्या समाजांत 'टी' किती आहे, आणि तो असलेल्या-नसलेल्या माणसांत दुधाचे परिणाम वेगळे दिसतात का, हे त्या समाजांना विश्वासात घेऊन अभ्यासले पाहिजे. दूध, दही, ताक आणि तूप यांची नोंद वेगवेगळी झाली पाहिजे. 'दुग्धजन्य पदार्थ' या एका रकान्यात सगळे कोंबले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर कधीच हाती येणार नाही. जगातले सर्वाधिक दूध पिकवणाऱ्या देशाने आपल्या दुधाबद्दलचे निष्कर्ष कोपनहेगनहून आयात करत राहू नयेत.